कॅव्हेलबाईंचे मरण आणि त्यांची क्षमा

ख्रिस्ती धर्मातील क्षमेचा उपदेश म्हणजे दुबळ्यांनी आपल्या दुबळेपणावर घातलेले पांघरूण होय, असा एक ग्रह आमच्याकडील शिकलेल्या वर्गात फार दिवसांपासून रूढ आहे. तो अगदीच निष्कारण रूढ झाला असे म्हणवत नाही. परकी अंमल असताना क्षमेची थोरवी आम्हांस बहुधा ज्यांच्या हाती तोफा व तुरुंग होते त्यांच्याच धर्मगुरूंकडून ऐकावी लागे. आणि ज्याच्या पाठीवर कोरडे ओढावयाचे त्यालाच सहनशीलतेचे धडे देणे, ह्यापरते सोयीचे धर्मकार्य दुसरे कोणते? तथापि एखाद्या तत्त्वाचा दुरुपयोग करणारे लोक पाहून त्या तत्त्वाची किंमत ठरविणे हे, खोटी वजने वापरणारा दुकानदार पाहून तराजूच मोडून टाकण्यासारखे आहे. क्षमेची परीक्षा घ्यावयाची तर ती मारणाऱ्याच्या तोंडून नव्हे, मरणाऱ्याच्या तोंडून निघाली की नाही, हे पाहून घ्यावी. म्हणून आज आम्ही एडिथ कॅव्हेल या इंग्रज परिचारिकेचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. ह्या बाई इंग्रज होत्या, तेव्हा त्यांचे गुणगान आम्ही कशास करावे, असे ज्यांस वाटेल त्यांच्यासाठीच हा लेख विशेषेकरून आहे.

इंग्लंडातील नॉर्फोक परगण्यात नॉरिच शहराजवळ स्वार्डेस्टन नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील धर्मोपदेशक फ्रेडरिक कॅव्हेल यांच्या पोटी एडिथ यांचा जन्म ४ डिसेंबर १८६५ रोजी झाला. चार भावंडांत त्या सर्वांत वडील. रविवारचे जेवण तयार झाले की त्यातील वाटा आधी गावातील गरिबांच्या घरी पोचवावयाचा आणि मग घरच्यांनी जेवावयास बसावयाचे, अशी त्या घरची चाल होती. देणे म्हणजे उरलेसुरले देणे नव्हे, ही गोष्ट त्या मुलीस पुस्तकातून शिकावी लागली नाही. १८९० पासून पाच वर्षे ब्रुसेल्स येथे एका कुटुंबात मुलांची शिक्षिका म्हणून त्यांनी काढली व फ्रेंच भाषा आपलीशी केली. १८९५ साली वडील आजारी पडले. त्यांची शुश्रूषा करीत असता हाच आपला व्यवसाय, असा त्यांचा निश्चय झाला, आणि १८९६ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्या लंडन हॉस्पिटलमध्ये उमेदवार म्हणून दाखल झाल्या. पुढच्याच वर्षी मेडस्टन गावी विषमज्वराची मोठी साथ आली, तेथील कामगिरीबद्दल त्यांस पदक मिळाले. ह्यानंतरची दहा वर्षे इंग्लंडातील निरनिराळ्या रुग्णालयांत गेली.

१९०७ साली डॉक्टर आंत्वान देपाज या बेल्जियन शस्त्रवैद्याने त्यांस ब्रुसेल्सला बोलावून घेतले. बेल्जियमात रोग्यांची शुश्रूषा तोवर बहुतांशी जोगिणींच्या हाती होती. त्यांच्या भक्तीविषयी शंका नव्हती, पण नव्या वैद्यकशास्त्राशी त्यांची ओळख नव्हती. देपाज यांस शिकलेल्या परिचारिका हव्या होत्या. बरे, घरंदाज मुलींनी पगार घेऊन परक्या माणसांचे मलमूत्र काढावे, ही कल्पनाच तेथील उच्च वर्गास असह्य वाटे. पुण्यात सेवासदनाने स्त्रियांस परिचारिकेचे शिक्षण देऊ केले तेव्हा उठलेली ओरड ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्याचे नवल वाटणार नाही. सोवळे सर्वच देशांत असते, नावे मात्र निराळी असतात. खुद्द राणी एलिझाबेथ यांचा हात मोडला असता त्यांनी ह्याच संस्थेतून परिचारिका मागविली, तेव्हा कोठे लोकांची तोंडे मिटली. कॅव्हेलबाईंची शिस्त कडक होती. सकाळच्या न्याहारीस त्या समोर घड्याळ ठेवून बसत आणि दोन मिनिटांहून अधिक उशीर करणाऱ्या मुलीकडून दोन तास जास्त काम करवून घेत. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुढे ज्या क्षमेबद्दल लिहावयाचे आहे ती एखाद्या सैल, भिडस्त स्वभावाच्या बाईची क्षमा नव्हती.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, त्या वेळी बाई सुटीसाठी नॉर्फोक येथे आपल्या वृद्ध आईजवळ होत्या. तेथेच राहिल्या असत्या तर कोणी नाव ठेविले नसते. त्या तडक ब्रुसेल्सला परत आल्या. २० ऑगस्ट रोजी जर्मन फौजा शहरात शिरल्या. बऱ्याच इंग्रज परिचारिकांस त्यांनी मायदेशी पाठवून दिले, कॅव्हेलबाई मात्र आपल्या जागी राहिल्या. त्यांच्या संस्थेवर रेडक्रॉसचे निशाण लागले. जखमी जर्मन आला तरी त्याची शुश्रूषा इतरांसारखीच झाली पाहिजे, अशी त्यांची आपल्या मुलींना ताकीद होती व ती पाळली गेली.

पुढचा भाग मात्र रेडक्रॉसच्या निशाणाखाली बसणारा नव्हता, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. २३ ऑगस्टच्या मॉन्स येथील लढाईनंतर इंग्रज सैन्य माघारी गेले तेव्हा पुष्कळ शिपाई मागे राहिले व जंगलांत, शेतकऱ्यांच्या माळ्यांवर लपून बसले. अशा शिपायांस आश्रय देणाऱ्यास कडक शासन होईल, असे जाहीरनामे जर्मनांनी भिंतींवर लाविले होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये असे दोन इंग्रज शिपाई बाईंच्या दारी आणण्यात आले आणि त्यांनी त्यांस आत घेतले. पाहता पाहता त्याची एक साखळीच तयार झाली. सरहद्दीजवळच्या बेलिन्यी येथील वाड्यात क्रोइ घराण्यातील राजपुत्र रेजिनाल्ड व त्याची बहीण मारी, लुईझ त्युलिए नावाची शिक्षिका, फिलिप बोक हा स्थापत्यकार, सेव्हरँ नावाचा औषधविक्रेता अशी नाना दर्जांची माणसे तीत होती. खोटे परवाने करावयाचे, वाटाड्या जोडून द्यावयाचा, आणि तटस्थ हॉलंडच्या हद्दीत माणूस पोचवावयाचा, असा हा क्रम. बाईंच्या हातून सुमारे दोनशे माणसे अशी पार झाली. त्यांत इंग्रज होते, फ्रेंच होते, सैन्यात भरती होऊ इच्छिणारे बेल्जियन तरुणही होते. हे पाहुणे नेहमीच गुणी होते असे नाही. काही शिपाई रात्री शेजारच्या मद्यगृहात जाऊन बसत. गुप्तता किती दिवस टिकणार? आश्रयार्थी म्हणून येऊन गेलेला एक फ्रेंच इसम शत्रूस फितूर होता, असे १९१९ साली पॅरिसच्या लष्करी न्यायालयाने ठरविले.

३१ जुलै १९१५ रोजी बोक पकडला गेला आणि ५ ऑगस्ट रोजी कॅव्हेलबाई. सें-जिल येथील तुरुंगात त्यांची जबानी झाली, आणि त्यांनी सर्व काही सांगून टाकले. इतरांनी आधीच कबुली दिली आहे असे भासवून ती काढून घेण्यात आली, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. कोणताही वकील त्यांस गप्प राहण्याचाच सल्ला देता. परंतु वकिलाची व त्यांची गाठच खटल्यापूर्वी पडू दिली गेली नाही. सादी किर्शेन या त्यांच्या वकिलास आपला अशील पहिल्यांदा दिसला तो न्यायासनासमोरच.

खटला ७ व ८ ऑक्टोबर रोजी बेल्जियन संसदेच्या सिनेटगृहात चालला. आरोपी पस्तीस. कामकाज जर्मन भाषेत, मध्ये दुभाषा. बाई परिचारिकेचा गणवेश न घालता साध्या पोशाखात आल्या होत्या. त्यांची उलटतपासणी म्हणजे काही मिनिटांचे काम. त्यांनी गुन्हा नाकारला नाही. एवढेच नव्हे, तर सुटून गेलेल्यांपैकी काहींनी इंग्लंडास सुखरूप पोचल्याची आभाराची पत्रे आपणास पाठविली, हेही त्यांनी सांगितले. ह्या एका उत्तराने त्यांचा गळा फासात गेला, कारण माणसास केवळ सरहद्द ओलांडून देणे व शत्रूच्या सैन्यास शिपाई पुरविणे ह्यांत जर्मन लष्करी कायद्याने जो फरक केला होता, तो ह्या उत्तराने पुसला गेला. ही माणसे न पळविती तर गोळ्यांनी मेली असती, म्हणून त्यांस वाचविणे प्राप्त झाले, एवढाच त्यांचा बचाव.

आता आम्ही कायद्याचे पदवीधर आहो, तेव्हा ह्या निकालाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. इंग्रज वर्तमानपत्रांनी त्या वेळी हा शुद्ध खून ठरविला. तो खून नव्हता. जर्मन लष्करी कायदा व्याप्त मुलखातील परकीयांसही लागू होता, त्यात ह्या कृत्यास देहान्ताची शिक्षा सांगितलेली होती, आणि कृत्य कबूल होते. आरोप हेरगिरीचा नव्हता, हेही ध्यानात ठेवावे. त्या साखळीतून गुप्त बातम्याही बाहेर जात होत्या असे दाखविणारी कागदपत्रे बेल्जियन दप्तरखान्यांतून २०१५ साली उजेडात आणली गेली. त्यात बाईंचा स्वतःचा हात किती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. रेडक्रॉसच्या छत्राखाली शिपाई लपविल्याने त्या छत्राचा मान कमी होतो, हा जर्मनांचा आक्षेपही पोकळ म्हणता येणार नाही. मग अन्याय कोठे झाला? तो झाला घाईत. ११ ऑक्टोबर रोजी सायंकाळी पाच जणांस देहान्त शिक्षा सांगण्यात आली, आणि त्यांपैकी दोघांस, कॅव्हेलबाई व बोक यांस, दुसऱ्याच पहाटे मारावयाचे ठरले. दयेचा अर्ज कैसरपर्यंत पोचण्यास अवधीच ठेविला नाही. ज्या शिक्षेची दुरुस्ती करता येत नाही ती इतक्या त्वरेने अमलात आणणारे न्यायासन स्वतःच्याच निकालास भीत असते, असे आमचे मत आहे. बाईंनी स्वतः दयेची याचना केली नाही. आपण इंग्रज आहो, तेव्हा तिचा उपयोग होणार नाही, असे त्या सोबतच्या कैद्यांस म्हणाल्या.

ब्रुसेल्समधील इंग्रजांचे हितसंबंध त्या वेळी अमेरिकन वकिलात पाहत असे. तेथील चिटणीस ह्यू गिब्सन व कायदेपंडित द लव्हाल हे स्पेनचे वकील विलालोबार यांस बरोबर घेऊन त्याच रात्री जर्मन राजकीय खात्याचे प्रमुख लांकेन यांच्याकडे गेले. लांकेन नाटकास गेले होते. त्यांस तेथून बोलावून आणावे लागले. त्यांनी लष्करी गव्हर्नर झाउबरत्स्वाइग यांस विचारले, नकार आला, आणि शिष्टमंडळ मध्यरात्री हात हलवीत परतले. उरलेल्या तिघांस पुढे ओरड झाल्यावर जीवदान मिळाले.

इकडे तुरुंगात निराळेच घडत होते. कैद्यांच्या धर्मकार्यासाठी नेमलेला जर्मन लुथरन उपदेशक पाउल ल सर याने जाणले की, ह्या बाईस अखेरच्या रात्री जर्मन गणवेशातील माणसाचा सहवास दुःसह होईल. त्याने खटपट करून ब्रुसेल्समधील अँग्लिकन धर्मोपदेशक स्टर्लिंग गॅहन यांस आत सोडविले. गॅहन यांस बाई शांत दिसल्या. धावपळीत गेलेल्या आयुष्याच्या शेवटी तुरुंगातील हे दहा आठवडे विश्रांतीचे मिळाले, ह्याबद्दल त्यांनी ईश्वराचे आभार मानले. ख्रिस्ताचे अनुकरण शिकविणारा थॉमस अ केंपिस याचा ग्रंथ त्यांनी कोठडीत वाचून खुणांनी भरून टाकला होता. ती प्रत राहिली आहे. त्या रात्री दोघांनी मिळून प्रभुभोजनाचा विधी केला. आणि मग बाई जे बोलल्या ते गॅहन यांनी जपून नमूद करून ठेविले. त्याचा आशय असा की, ईश्वर व अनंतकाल ह्यांच्या समोर उभे राहून पाहता नुसती देशप्रीती पुरेशी नाही. कोणाही विषयी द्वेष किंवा कडवटपणा मनात उरता कामा नये.

आपल्या मुलींना त्यांनी एक पत्र लिहून ठेविले होते. त्यात त्यांच्याजवळच क्षमा मागितली होती. आपण कधी फार कठोर झालो असू, पण जाणूनबुजून अन्याय केला नाही, आणि मुलींना वाटे त्याहून अधिक प्रेम आपण त्यांच्यावर केले, असे त्या पत्रात होते. न्याहारीच्या टेबलावरचे घड्याळ वाचकांस आठवत असेलच. जर्मन साम्राज्यास क्षमा करणे एक वेळ सोपे, कारण साम्राज्य दूर असते. रोजच्या सहवासातील कनिष्ठांपुढे आपला दोष कबूल करणे कोणाही वरिष्ठास अवघड जाते.

१२ ऑक्टोबर १९१५ च्या पहाटे शहराबाहेरील तीर नासिओनाल या नेमबाजीच्या मैदानावर त्यांस नेण्यात आले. ल सर अखेरपर्यंत बरोबर होता. बोक याने बंदुकधाऱ्यांस मरणासमोर आपण सारे सोबतीच, अशा अर्थाची हाक मारली, असे त्याने लिहिले आहे. बाई मूर्च्छित पडल्या व अधिकाऱ्याने पिस्तुलाने त्यांस मारले, एका शिपायाने गोळी झाडण्याचे नाकारले म्हणून तोही मारला गेला, ह्या कथा पुढे देशोदेशी पसरल्या; प्रत्यक्ष हजर असलेल्यांच्या निवेदनांत त्यांस आधार नाही. त्या उभ्या राहिल्या आणि तत्काळ मरण पावल्या. वय एकूणपन्नास.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. माफी आणि क्षमा हे शब्द आपण सरमिसळ वापरतो, पण त्या दोन भिन्न वस्तू आहेत. माफी सत्ताधाऱ्याने द्यावयाची असते. ती देण्याचे सामर्थ्य झाउबरत्स्वाइगकडे होते व त्याने ती दिली नाही. बाईंच्या हाती कोणासही सोडण्याचे वा धरण्याचे सामर्थ्य नव्हते. त्यांनी जर्मनांस निर्दोष ठरविले नाही, बेल्जियमवरील आक्रमण योग्य म्हटले नाही, आपल्या कृत्याबद्दल पश्चात्तापही दाखविला नाही. ज्यांस क्षमेत शरणागती दिसते त्यांनी हे पाहावे.

मग क्षमा म्हणजे केले काय? येथे ख्रिस्ती धर्माची कल्पना व्यापाऱ्यांस वकिलांपेक्षा अधिक लवकर समजेल. येशूने पापास पुष्कळदा ऋणाची उपमा दिली आहे. राजाचे अफाट देणे असलेल्या आणि ते सोडून दिल्यावरही आपल्या सोबत्याचा चिरीमिरीसाठी गळा धरणाऱ्या चाकराचा त्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. पेढीवर बसलेला प्रत्येक इसम जाणतो की, येणे सोडून दिले म्हणजे रक्कम नाहीशी होत नाही. ऋणकोच्या खात्यावरून उठून ती धनकोच्या तोट्यात जाऊन बसते. सोडणारा ती स्वतः भरतो. येशूच्या वधस्तंभावरील मरणाचा अर्थ ख्रिस्ती पंडितांनी नाना परींनी लाविला आहे व त्यावर वादही थोडे झाले नाहीत. पण मनुष्याच्या पापाची भरपाई धनकोने स्वतःच्या अंगावर घेतली, हा धागा त्यांपैकी बहुतेकांत सापडतो. म्हणून त्या धर्मात बलिदान आणि क्षमा ही दोन प्रकरणे नाहीत. मारणाऱ्यांसाठी येशूने क्षमा मागितली ती खिळे ठोकले जात असताना. प्रभुभोजनातील भाकर व द्राक्षारस हे त्याच मरणाचे स्मरण. आणि ते हाती घेण्यापूर्वी मनातील वैर सोडले पाहिजे, असा दंडक आहे. ब्रुसेल्सच्या कोठडीत त्या रात्री नेमके हेच झाले. देह तर जर्मन घेणारच होते, त्यात बाईंची निवड उरली नव्हती. वैर ठेवावयाचे की सोडावयाचे, एवढेच त्यांच्या हाती होते.

त्यांच्या देशाने ह्याचे काय केले? वार्ता पोचताच इंग्लंडभर संतापाचा डोंब उसळला. सैन्यभरतीचा ओघ एकाएकी वाढला. भित्तिपत्रकांवर व पोस्टकार्डांवर पन्नाशीच्या उंबरठ्यावरील ही करड्या केसांची बाई कोवळी तरुणी होऊन जर्मन अधिकाऱ्याच्या पायाशी पडलेली दिसू लागली. सूड घ्या, हा त्या चित्रांचा बोध. ज्या बाईने कोणाविषयी द्वेष नको म्हणून सांगितले तिच्याच नावाने द्वेषाचा व्यापार सुरू झाला, आणि तो चांगला चालला. जर्मनीस ह्या एका फैरीने जितकी हानी पोचली तितकी एखाद्या हरलेल्या लढाईने पोचली नसती. पुढे कैसरच्या अनुज्ञेवाचून कोणा स्त्रीस असा देहान्त देऊ नये असा हुकूम सुटला. फ्रान्सनेही त्याच वर्षी हेर ठरवून स्त्रियांस गोळ्या घातल्या होत्या, ही गोष्ट जर्मनांनी पुढे केली. ती खरी होती, पण ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

आम्हां राष्ट्रवाद्यांस हे वाचून इंग्रजांस हसण्याचा मोह होईल. तो आवरावा. हुतात्म्याचे रक्त घ्यावयाचे आणि त्याचे शेवटचे शब्द गैरसोयीचे असतील तर वगळावयाचे, ही खोड एकट्या इंग्लंडची नाही. देशासाठी मरणे पुरेसे नाही, असे सांगणारी बाई देशासाठी मेलेली होती. घरात बसून देशभक्तीस नावे ठेवणाऱ्यांत तिची गणना करता येत नाही, आणि म्हणूनच तिचे म्हणणे टाळणे कठीण जाते.

युद्ध संपल्यावर बाईंचा देह इंग्लंडास आणण्यात आला. १५ मे १९१९ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत प्रार्थना झाली, आणि कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे नॉरिच येथील मुख्य मंदिराच्या आवारात त्यांस पुरण्यात आले. लंडनमध्ये ट्राफल्गार चौकाजवळ शिल्पकार जॉर्ज फ्रॅम्टन याने घडविलेल्या त्यांच्या संगमरवरी पुतळ्याचे अनावरण राणी अलेक्झांड्रा यांनी १७ मार्च १९२० रोजी केले. मागच्या उंच शिळेवर राजा व देश ह्यांच्यासाठी, अशी अक्षरे कोरली होती. बाई अखेरच्या रात्री जे बोलल्या त्यातले एक अक्षरही तेथे नव्हते. ह्याबद्दल तेथील स्त्रियांच्या राष्ट्रीय मंडळाने मागणी लावून धरली, आणि १९२४ साली, मजूर पक्षाचे पहिले मंत्रिमंडळ अधिकारावर असताना, पुतळ्याच्या पायाखालच्या चौथऱ्यावर ते शब्द कोरण्यात आले. वरची ओळ होती तशीच ठेविली.